दीड वितीच्या आत

लग्न ठरवताना मुलाकडची माणसं सगळं सांगतात. नोकरी काय, शेत किती, घर पक्कं की कच्चं. मुलाची आई दर रविवारी बांबूची काठी घेऊन तलावावर मासे धरायला जाते, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी ते कळलं. सकाळी उठून बघते तर सासूबाई पदर खोचून मोरीजवळची ओली माती उकरत होत्या आणि सापडलेली गांडुळं एकेक करून झाकणाच्या डबीत टाकत होत्या. मी नवी नवरी. काय बोलणार? त्याच म्हणाल्या, "भिऊ नको, तुला न्हाई खाऊ घालत. माशाला हाय."

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. तर या आत्याबाई पुढची वीस वर्षं दर रविवारी एकट्याच तलावावर जात राहिल्या आणि मी घरी राहिले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आठवडाभर शेजारच्या गोरेगावहून जीप पकडायची, शाळा करायची, परत यायचं. रविवार म्हणजे धुणं, वह्या तपासणं आणि जमलं तर दुपारी तासभर झोप. आत्याबाईंनी आणलेले मासे मी आवडीने रांधायचे, त्याहून आवडीने खायचे. पण ते कुठून येतात, कसे येतात, याचा मी कधी विचार केला नाही. बाजारातली भाजी कोणी पिकवली हे तरी आपण कुठे विचारतो?

चार वर्षांपूर्वी आत्याबाईंना चक्कर आली. घरीच, चुलीजवळ. हिंगोलीच्या डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, गोळ्या दिल्या आणि त्यांच्या नादाबद्दल ऐकल्यावर बजावलं, पाण्याच्या काठावर एकट्यानं बसायचं नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, "आत्याबाई, आता ती काठी माळ्यावर टाका."

"काहून?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"एकट्यानं बसायचं न्हाई म्हनले. बसायचंच न्हाई असं कुठं म्हनले?"

यांच्याकडे पाहिलं. हे वीज कंपनीत वायरमन आहेत. एका जागी बसणं त्यांच्या स्वभावात नाही आणि रविवारीसुद्धा कोणाच्या तरी डीपीचा फोन येतोच. म्हणजे राहिले मी. अशी माझी आत्याबाईंच्या पहाऱ्यावर नेमणूक झाली.

तलाव आमच्या गावापासून दीड-दोन किलोमीटरवर, पुसेगावच्या बाजूला. एका अंगाला मातीचा बांध, बाकी तिन्ही बाजूंनी शेतं. तलाव मच्छीमारांच्या सोसायटीकडे आहे. पावसाळ्यात ते लोक माशांचं बोटाएवढं बी आणून सोडतात आणि पाणी उतरलं की जाळं लावतात. गळ टाकून बसणाऱ्या आमच्यासारख्यांना ते अडवत नाहीत. एक काठी, एक माणूस, एका वेळचं कालवण, असा न बोलता झालेला करार आहे.

पहिले तीन-चार रविवार मी बाभळीखाली बसून वह्या तपासल्या. आत्याबाई पाण्याकडे बघायच्या, मी आत्याबाईंकडे. त्या दिवसभर हलत नव्हत्या, त्यामुळे चक्कर आली आहे की नाही हेच कळायचं नाही. मी मधूनच हाक मारायचे, "आत्याबाई, ठीक ना?" त्या न वळता हात वर करायच्या, कारण बोललं की मासा जातो. पाचव्या रविवारी त्यांना कंटाळा आला असावा. त्यांनी दुसरी काठी आणली आणि माझ्या हातात दिली. "हे धर. तोंडाला काम असन तं असन, हाताला तं राहीन."

काठी साधी होती. बांबू, नायलॉनचा धागा, तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा आणि टोकाला गळ. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो तो त्यांनी यांच्या पकडीनं दाबून सपाट केलेला. का, ते मला तेव्हा समजलं नाही. मी कणकेची गोळी लावली, कारण गांडुळाला हात लावायची तयारी अजून झाली नव्हती. आणि नवशिक्याला जे भाग्य मिळतं ते मला मिळालं. अर्ध्या तासात धांडा बुडाला. मी किंचाळले, काठी ओढली आणि एक चमचमता रोहू माझ्यामागे गवतात येऊन पडला. गुलाबी पंख, चांदीचं अंग. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काही धरलं होतं.

आत्याबाई आल्या. आधी पाण्यात हात बुडवले, मग ओल्या हातांनी मासा उचलला. गळ सहज सुटून आला. तेव्हा कळलं तो काटा का दाबला होता. त्यांनी माशावर वीत टाकली. अंगठा तोंडाशी, करंगळी पार शेपटीपर्यंत. मग खाली वाकल्या, मासा पाण्यात धरला, तो हलला तशी मूठ सोडली. गेला.

"अहो आत्याबाई! माझा होता तो!"

"लेकरू हाय ते."

"असू दे की. पहिला होता."

"तुया वर्गातलं पहिलीचं पोरगं कामाला लावतीस का तू? न्हाई ना? मंग. दीड वितीच्या आत असन तं सोडायचं. रोहू असो, कटला असो. आज नेलं तं एक घास हाय. वर्षानं आलं तं घरभर जेवन व्हते."

मी म्हटलं, "आणि वर्षानं ते दुसऱ्याच्या गळाला लागलं तर?"

"मंग त्याच्या घरी जेवन व्हईन," त्या म्हणाल्या आणि आपल्या जागी जाऊन बसल्या.

हा नियम त्यांना त्यांच्या आईनं सांगितला होता म्हणे, आणि त्यांनी तो लग्न होऊन आल्यापासून पाळला होता. सरकारी नियम काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. नियमाला एकच अपवाद, चिलापी. तो काळपट, काटेरी पाठीचा मासा केवढाही लागला तरी घरी. "ते गाजरगवत हाय," त्या म्हणायच्या, "कितीबी उपटा."

माझा वाद दयेशी नव्हता, मापाशी होता. आत्याबाईंचा हात मोठा. खुरपं, विळा धरून रुंद झालेला. माझा खडू धरणारा. माझ्या दीड वितीत जो मासा पास होईल तो त्यांच्या दीड वितीत नापास व्हायचा. मी हे त्यांना गणितानं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बराबर. पन वीत माही धरायची. तलावावर आधी मी आले."

असं करत मी शिकत गेले. गांडुळाची भीती गेली. वह्या शनिवारीच तपासून व्हायला लागल्या. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी माशांवर बोलू लागले की लोक उठून जायला लागले. आणि तरीही नियम मी आत्याबाईंसाठी पाळत होते, स्वतःसाठी नाही, हे खरं. त्या बघत आहेत म्हणून सोडायचं. त्यांनी पाठ केली की एखादा सव्वा वितीचा पिशवीत घालावा असं वाटायचं. दोनदा घातलाही.

मग दोन वर्षांपूर्वीचा आखाड आला. माझा मोठा भाऊ आणि वहिनी वाशीमहून येणार होते, रविवारी संध्याकाळी. मी फोनवर छाती फुगवून सांगितलं होतं, "मटण-बिटण काही नाही. या वेळी माझ्या हातची मासळी." भाऊ हसला होता. बहीण आणि मासे धरणार! लहानपणी मी पाल बघून खाटेवर चढायचे, हे त्यानं वहिनीला पुन्हा एकदा सांगितलं असणार.

त्या रविवारी सकाळपासून काही लागेना. आत्याबाईंना दोन चिलापी मिळाल्या, मला काही नाही. दुपार टळत आली तशी मी जागा बदलून कडेच्या लव्हाळ्याजवळ गेले. तिथे पाण्यात एक लालसर डाग हलत होता. ताटाएवढा. वर यायचा, पाणी उकळल्यासारखं बुडबुडायचं, पुन्हा खाली जायचा. मला वाटलं काहीतरी शेवाळ असेल. मी गांडूळ त्याच्या शेजारीच टाकलं.

काठी हातातून जाणार होती. धागा सप्पकन ताणला, मी गुडघ्यांवर पडले, साडी चिखलात. "आत्याबाई!" एवढंच ओरडले. त्या येईपर्यंत मी तिला कशीबशी काठाला आणली होती. मरळ. माझ्या कोपरापासून बोटांच्या पुढे जाईल एवढी, काळी, सापासारख्या डोक्याची, भलत्याच ताकदीची. आमच्या भागात मरळीसारखा मासा नाही. काटा कमी, चव अशी की आजाऱ्याला मुद्दाम आणून देतात.

आत्याबाईंनी मरळीकडे पाहिलंच नाही. त्या पाण्याकडे बघत होत्या. तो लाल डाग आता एका जागी राहिला नव्हता, विस्कटत चालला होता.

"माय हाय ती," त्या म्हणाल्या. "लाल दिसते ना, ते तिचे पिल्लं हायत. ती राखून राहिली व्हती. तू गांडूळ तिच्या लेकरांत टाकलं, म्हनून धावून आली. भुकेनं न्हाई आली."

मला काय ते समजलं. अगदी तेव्हाच समजलं, नंतर नाही. पण मी म्हटलं, "दीड वितीच्या वर आहे. दोन वितींच्याही वर आहे. नियमात बसते."

"बसते," त्या म्हणाल्या.

"भाऊ येणार आहे संध्याकाळी."

"व्हय."

"मग?"

"मंग तुयी हाय. तू धरली."

त्यांनी एवढंच म्हटलं आणि माझ्याकडे सोपवून दिलं. रागावल्या असत्या तर मी भांडले असते, आणि भांडता भांडता कदाचित सोडलीही असती. त्या रागावल्या नाहीत. मी मरळ पिशवीत घातली.

संध्याकाळचं जेवण दणक्यात झालं. भावानं तीनदा रस्सा घेतला आणि पाल-खाटेची गोष्ट काढलीच नाही. वहिनीनं कृती विचारून घेतली. हे जेवता जेवता सगळ्यांना मासा केवढा होता ते हात पसरून दाखवत होते, जसा काही यांनीच धरला. आत्याबाईंनी पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं आणि स्वतः पिठलं-भाकर खाल्ली. "आज मन न्हाई," म्हणाल्या. कोणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं. मी खाल्लं सगळं, पण चव विचाराल तर सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी जीप तलावाच्या वळणावर थांबवली आणि एकटीच लव्हाळ्याकडे गेले. नर असतोच जोडीला, असं मी कुठेतरी वाचलं होतं, आणि तेवढ्या आशेवर गेले होते. असेलही कुठे, मला दिसला नाही. तो लाल डाग नव्हता. चार-दोन पिल्लं काठाच्या गवतात इकडून तिकडे पळत होती आणि एक बगळा उथळ पाण्यात उभा राहून आरामात टिपत होता. मी त्याला दगड मारला. तो उडाला, दहा पावलांवर जाऊन पुन्हा बसला. मी किती दगड मारणार होते?

घरी आल्यावर आत्याबाईंना म्हटलं, "पाण्यावर जाऊन आले."

"दिसली तू, रस्त्यावरून येतानी."

"आखाडात मरळीला हात लावायचा नाही, असा नियम आधी का नाही सांगितलात?"

त्यांनी जरा विचार केला. "मला वाटलं, ते काय सांगा लागते का."

मी शिक्षिका आहे. सांगावं लागतं, हे मला त्यांच्याहून चांगलं माहीत आहे. पुढच्या रविवारी मी शाळेतली जुनी लाकडी फूटपट्टी घेऊन गेले. आत्याबाईंची दीड वीत तिच्यावर मोजली. पट्टी संपून वर दोन बोटं उरली. तेवढा बांबूचा तुकडा तासून पट्टीला जोडला, त्याच्या टोकाशी लाल रंगाची रेघ मारली, आणि आमच्या नियमाला पहिल्यांदा कोणाच्याही हाताशी संबंध नसलेलं माप मिळालं. पट्टीच्या पाठीवर मी मुलांच्या वहीत लिहिते तशा अक्षरात लिहिलं: आखाड-श्रावणात मरळ सोडावी.

आता पट्टी आहे म्हटल्यावर ती फक्त आमच्यासाठी का ठेवायची? तलावाच्या पलीकडच्या काठावर दर रविवारी एक निवृत्त एसटी कंडक्टर बसायचे. उंच, गळ्यात मफलर उन्हाळ्यातही, सोबत चहाचा थर्मास. आत्याबाईंना लांबूनच "जय भीम, मावशी!" करायचे. माणूस चांगला, पण बोटाएवढं लागलं तरी पिशवीत. "तळून कुरकुरीत लागते," म्हणायचे. मी पट्टी घेऊन बांधावरून त्यांच्याकडे गेले आणि सगळा धडा म्हणून दाखवला.

त्यांनी ऐकून घेतलं. मग आपल्या पिशवीतून एक कटला काढून पट्टीवर ठेवला. रेघेला अर्धं बोट कमी.

"बसला की मॅडम."

"नाही बसला. रेघ बघा."

"शेपटी अशी दाबून धरली तं बसते."

"शेपटी दाबायची नाही."

"तोंड उघडं ठेवा त्याचं. तोंड उघडल्यावर लांब व्हते."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या पलीकडून सगळं ऐकत होत्या. पाण्यावरून आवाज स्वच्छ जातो. त्यांनी तिथूनच हाक दिली, "काय हो कंडक्टर, तुमच्या गाडीत बाया दहा वर्षांचं पोरगं पाच वर्षांचं हाय म्हनून सांगायच्या, तवा तुमी काय करायचे?"

कंडक्टर थबकले. मग मोठ्यानं हसले. "पायावर उभं करायचो, मावशी. आन् नाव, वर्ग विचारायचो. लेकरं खोटं बोलत न्हाईत. 'मी पाचवीत हाय' म्हनून सांगून टाकायचे."

"मंग हे पोरगं कितवीत हाय ते बघा."

त्यांनी कटल्याकडे पुन्हा एकदा बघितलं. तो अजून कल्ले हलवत होता. "पहिलीत हाय," असं म्हणून त्यांनी तो पाण्यात सोडला. जरासा कलला, मग सरळ झाला आणि गेला. त्यांना वाईट वाटलेलं तोंडावर दिसत होतं, पण एकदा बोलले ते बोलले. चहा पाजून त्यांनी मला परत पाठवलं.

मला वाटलं होतं एवढ्यावर संपेल. पण तीस वर्षं तिकिटं तपासलेल्या माणसाच्या हातात पट्टी दिली तर काय होतं, याचा मी विचार केला नव्हता. पुढच्या रविवारी ते आमच्या आधी हजर. त्यांनी पट्टी मागून घेतली आणि काठावर फेरी मारली. आणखी तिघं-चौघं गळवाले असायचे. प्रत्येकाच्या पिशवीत डोकावून "दाखवा," म्हणायचे. कोणी कुरकुर केली की म्हणायचे, "मी काय माह्या मनानं न्हाई सांगत. पट्टी हाय." सोसायटीच्या माणसाला हे आवडलं असावं. त्यानं एकदा येऊन पट्टी बघितली, लहान मासा आत राहिला तर आमचाच फायदा म्हणाला, आणि गेला. पलीकडच्या काठावरच्या एकानं मात्र रागानं तलावच बदलला. जाताना म्हणाला, मासे धरायला आलो होतो, परीक्षा द्यायला नाही. त्याचंही खोटं नव्हतं. आम्हा मास्तर-कंडक्टर लोकांमुळे तलावावरची मजा थोडी कमी झाली, हे मी मान्य करते.

मासे वाढले का? हे मला विचारू नका. पाऊस बरा झाला, सोसायटीनं बी चांगलं सोडलं, कशानं काय झालं कोण सांगणार. एवढं खरं की रिकाम्या हातानं परत येणं मला आता पूर्वीइतकं खटकत नाही, आणि आत्याबाईंनी पाठ केली तरी सव्वा वितीचा मासा पिशवीत जात नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते. आत्याबाईंचा दिवस वाईट चालला होता. डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा घालून बसल्या होत्या, आणि सकाळपासून एक चिलापीसुद्धा नाही. दुपारी त्यांचा धांडा बुडाला. त्यांनी झटका दिला तो जुन्याच सफाईनं, आणि एक देखणा रोहू बाहेर काढला. वीत टाकली. समाधानानं मान हलवली आणि पिशवीकडे हात नेला.

"मावशी, थांबा," कंडक्टर पट्टी घेऊन आले.

"मी मोजला."

"पट्टीवर मोजू."

"अरे, ती पट्टी माह्या हातावरून केली! मला काय मोजून दावतो?"

"तरी बी."

ठेवला पट्टीवर. रेघेला नखभर कमी. आत्याबाई वाकून, चष्मा कपाळावर सरकवून बघायला लागल्या. "शेपटी सरळ कर." केली. "तोंडाकडून सरकव." सरकवला. नखभर कमीच. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग ना याला. इतके वर्ष झाले मला."

मी त्यांची सून. घरी जाऊन त्यांच्याच हातचं खायचं होतं. पण समोर कंडक्टर, हातात पट्टी, आणि पट्टीच्या पाठीवर माझं स्वतःचं अक्षर. मी म्हटलं, "आत्याबाई, नखभर कमी आहे."

"तुमी दोघं बी ना," त्या म्हणाल्या, "सरकारी मानसं!" आणि ओल्या हातांनी मासा उचलून पाण्यात धरला. तो बोटांमधून निसटून गेला तरी त्या हात पाण्यात ठेवून थोडा वेळ तशाच वाकून राहिल्या. मी धरायला पुढे झाले. चक्कर आली की काय वाटलं.

"काही न्हाई," त्या म्हणाल्या. "पानी थंड हाय, बरं वाटून राहिलं."

कंडक्टरांनी थर्मासचं झाकण भरून चहा पुढे केला. आत्याबाईंनी तो घेतला, पण संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.